'बरं हाय' या उत्तराची समीक्षा

१

समीक्षा म्हटली की आपल्यासमोर कविता, कथा, नाटक किंवा आत्मकथन उभे राहते. पोलिसांचा पंचनामा, शाळेचा दाखला, दवाखान्याचा केसपेपर या वाङ्मयीन संहिता नव्हेत, असे प्रस्थापित समीक्षेने गृहीत धरले आहे. हे गृहीत मला मान्य नाही. दलित माणसाच्या वाट्याला पुस्तकाआधी पंचनामा आला आणि कवितेआधी केसपेपर. आपले जगणे दुसऱ्याच कोणीतरी ज्या कागदावर लिहून ठेवले, तो कागद वाचण्याची दृष्टी जर समीक्षेजवळ नसेल, तर ती समीक्षा अर्धी आहे.

या लेखात मी अशाच एका संहितेचा विचार करणार आहे. ती संहिता म्हणजे रुग्णाला त्याच्या जगण्याविषयी प्रश्न विचारणारी प्रश्नावली. 'गेल्या आठवड्यात तुम्हाला किती दुखले?', 'तुम्ही आपल्या आयुष्याबाबत किती समाधानी आहात?' असे प्रश्न रुग्णाला उपचारापूर्वी विचारतात. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी तेच पुन्हा विचारतात. दोन्ही वेळच्या उत्तरांना अंक देऊन वजाबाकी करतात. जी बाकी उरते, तिला 'जीवनाच्या गुणवत्तेतील बदल' असे नाव आहे. या वजाबाकीवर औषधाची किंमत ठरते, शस्त्रक्रियेचे यश ठरते आणि सरकारी पैसा कोणत्या आजारावर खर्च करावा याचा सल्लाही ठरतो. तेव्हा तिच्यात आपला माणूस कोठे बसतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

मी ताडकळसचा. पूर्णा तालुक्यातले हे बाजाराचे गाव. सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात येथील बाजार समितीत गाड्यांची रांग लागते. त्या गाड्या भरणारे आणि रिकाम्या करणारे हात बहुतेक आमच्या वस्तीतले. दुखणे बळावले की ही माणसे परभणीला किंवा नांदेडला जातात. वाचता येणारा म्हणून मला सोबत नेतात. त्यामुळे अशा प्रश्नावल्या मी अनेकदा माणसांना वाचून दाखवल्या आहेत आणि त्यांची उत्तरे खुणांत बसवली आहेत. तो अनुभव आणि भाषेचा अभ्यास, एवढ्याच अधिकारावर मी हे लिहीत आहे.

२

प्रथम या संहितेचे श्रेय तिला दिले पाहिजे. वैद्यकशास्त्राने फार काळ रुग्णाच्या शब्दावर विश्वासच ठेवला नाही. ताप थर्मामीटर सांगेल, रक्त प्रयोगशाळा सांगेल, गाठ क्ष-किरण सांगेल. रुग्णाने फक्त पडून राहावे, अशी ती भूमिका होती. डॉक्टर म्हणे, 'गाठ लहान झाली'. रुग्ण म्हणे, 'घास गिळवत नाही'. कागदावर गाठीची नोंद होई, घासाची होत नसे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही स्थिती बदलू लागली. जगणारा जे सांगतो तोही पुरावा आहे, हे मान्य झाले. स्वानुभवाला पुराव्याचा दर्जा द्या, ही दलित साहित्याचीही मागणी होती. म्हणून या प्रश्नावलीचे आणि आपल्या आत्मकथनाचे नाते दूरचे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात पंधरा केंद्रांच्या सहकार्याने शंभर प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. त्या केंद्रांत दिल्ली आणि मद्रास ही दोन भारतीय केंद्रे होती. पुढे तिचे सव्वीस प्रश्नांचे लहान रूप निघाले. त्याच्या मराठी अनुवादावर आपल्याकडे अभ्यास झाले आहेत. कर्करोगासाठी युरोपातील संशोधकांनी तीस प्रश्नांची दुसरी प्रश्नावली केली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मान यांच्या कर्करोगाच्या रुग्णांवर ती पडताळून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जेथे तंबाखूने तोंडाच्या कर्करोगाचे थैमान मांडले आहे, तेथे जबडा काढल्यानंतर माणूस कसा जगतो हे विचारणे ही माणुसकीची गोष्ट होती. या कामाचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही.

परंतु ज्या संहितेचा गौरव करायचा तिची चिकित्साही करायची, ही आपली परंपरा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने जीवनाच्या गुणवत्तेची जी व्याख्या केली, तिचा आशय असा: माणूस ज्या संस्कृतीत आणि मूल्यव्यवस्थेत राहतो, तिच्या संदर्भात आणि आपली ध्येये, अपेक्षा, निकष व चिंता यांच्या संदर्भात त्याला आयुष्यातील आपले स्थान जसे जाणवते, ती त्याची गुणवत्ता. व्याख्या उदार आहे. पण ती वाचताना 'मूल्यव्यवस्था' या शब्दाशी मी थांबतो. ज्या मूल्यव्यवस्थेने गावकुसाबाहेरची जागा हेच तुझे स्थान असे शिकवले, तिच्याच संदर्भात त्या माणसाने आपले स्थान ठरवायचे? त्याच्या अपेक्षा कोणी कापून लहान केल्या? त्याचा निकष कोणी घडवला? व्याख्येत या प्रश्नांना जागा नाही.

३

आता उत्तराकडे वळू. आमच्या भागात रुग्णाला 'कसं हाय?' म्हणून विचारले की दहांपैकी आठ जण 'बरं हाय' म्हणतात. प्रश्नावली भरणारा याची खूण 'चांगले' या घरात करतो. मराठीच्या विद्यार्थ्याला मात्र ही खूण इतक्या सहज करता येणार नाही.

'बरं' या शब्दाला तीन अंगे आहेत. पहिले, आजारातून उठणे: 'आता बरा झाला.' दुसरे, जेमतेम चालणे: 'चाललंय बरं.' तिसरे अंग दलितांच्या आणि मजुरांच्या बोलीत सर्वांत जुने आहे, ते म्हणजे मान्य करणे. मालकाने काम सांगितले, 'बरं'. मजुरी उद्या देतो म्हणाला, 'बरं'. वाड्यावरून निरोप आला, 'बरं'. हा 'बरं' प्रकृतीविषयी काही सांगत नाही. तो नाते सांगतो. विचारणारा वर आहे आणि उत्तर देणारा खाली आहे हे सांगतो. दवाखान्यात इस्त्रीच्या कपड्यातला माणूस हातात पेन घेऊन विचारतो, तेव्हा खाटेवरची बाई त्याला यांपैकी कोणता 'बरं' देते? माझ्या मते पुष्कळदा तिसरा. कागदावर मात्र तो पहिला म्हणून नोंदला जातो.

'समाधान' या शब्दाचेही तसेच. इंग्रजीत एखाद्या सेवेविषयी जसे समाधान विचारतात, तसे ते मराठीत विचारता येत नाही. मराठीत समाधान हा सद्गुण आहे. असेल त्या स्थितीत समाधान मानावे, ही शिकवण कीर्तनापासून शाळेच्या फळ्यापर्यंत आपल्याला पाजली गेली आहे. 'तुम्ही आयुष्यात समाधानी आहात का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणारी बाई स्वतःला असमाधानी, म्हणजे हावरी, ठरवून घेते. बोळकं झालेल्या तोंडाची एक मावशी मला म्हणाली होती, 'समाधान नाही म्हणून कसं चालंल लेकरा? मानून घ्यावं लागतंय.' प्रश्नावलीत 'मानून घ्यावे लागते' असे घर नसते. पाच घरे असतात, आणि ती सगळी समाधानाचे प्रमाण विचारणारी.

युरोपातल्या त्या कर्करोगाच्या प्रश्नावलीत जड पिशवी किंवा सूटकेस उचलण्याविषयी प्रश्न आहे. तो सोडवता येतो. सूटकेसच्या जागी घागर किंवा गवताचा भारा घालता येतो. पण तिच्यात आणखी एक प्रश्न आहे: छंद आणि फावल्या वेळातील गोष्टींत अडथळा आला का? शेतमजूर बाईला छंद कोठला आणि फावला वेळ कोठला? ती म्हणते, 'नाही, काही अडथळा नाही.' गणिताच्या नियमानुसार 'अजिबात नाही' या उत्तराला त्या प्रश्नापुरते पूर्ण अंक मिळतात. जिला जन्मात फुरसत मिळाली नाही, तिची फुरसत शाबूत आहे असा हिशेब लागतो. अनुवाद शुद्ध असून चालत नाही. प्रश्नामागे जे आयुष्य गृहीत धरलेले असते त्याचा अनुवाद होत नाही, आणि अन्याय तेथे शिरतो.

४

आता मुख्य मुद्दा, बदलाचा.

कापड मोजायचे तर गज तोच हवा. सकाळी एका गजाने मोजले आणि संध्याकाळी दुसऱ्याने, तर फरक कापडात पडला की गजात, हे सांगता येणार नाही. रुग्णाच्या स्वकथनात गज रुग्णाच्या मनात असतो आणि आजार त्या मनालाच बदलतो. नेदरलँड्सच्या मिरजाम स्प्रांगर्स आणि अमेरिकेच्या कॅरोलिन श्वार्ट्झ यांनी १९९९ साली या प्रश्नाची नीट मांडणी केली. त्यांच्या मते माणसाच्या उत्तराचा अर्थ तीन प्रकारे बदलतो. एक, मोजण्याची पट्टीच बदलते; कालचे 'फार दुखते' आजचे 'थोडे दुखते' होते. दोन, मूल्यांचा क्रम बदलतो. पूर्वी काम मोठे होते, आता नातवंडे मोठी. तीन, संकल्पनाच बदलते. 'चांगले जगणे' म्हणजे काय, याचा अर्थच नवा होतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका बाईने उपचारापूर्वी शंभरांपैकी ६० अंकांचे उत्तर दिले. सहा महिन्यांनी पुन्हा ६०. वजाबाकी शून्य, उपचार व्यर्थ. पण तिला विचारले, 'बाई, आज मागे वळून पाहता तेव्हा तुमची स्थिती कशी होती?' ती म्हणते, '३०.' त्या वेळी तिला बरे जगणे ठाऊकच नव्हते, म्हणून तीस तिला साठ वाटले होते. मागे वळून मोजण्याची ही पद्धत संशोधक वापरतात. तिच्यातही दोष आहेत: स्मरण दगा देते, आणि डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून पूर्वीचे दुःख वाढवूनही सांगितले जाते. तरी तिने एक गोष्ट उघड केली. बदल मोजायचा तर बदललेल्या जाणिवेचाही हिशेब ठेवावा लागतो.

हे वाचताना मला सारखे दलित आत्मकथन आठवत होते. १९७८ साली आलेल्या दया पवारांच्या 'बलुतं'ची रचना आठवा. तेथे दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एकच; पण एक भोगलेला आणि दुसरा त्या भोगाचा अर्थ कळलेला. या दोघांचे गज वेगळे आहेत. महारवाड्यातल्या लहान दगडूला त्या वेळी कोणी प्रश्नावली दिली असती, तर त्याने काय उत्तर दिले असते? बहुधा 'बरं हाय' म्हटले असते, कारण शेजारच्या झोपडीतही तेच होते. पुढे त्याच बालपणाकडे पाहताना लेखकाला जी वेदना होते ती खोटी किंवा वाढवलेली नाही. तिला मोजणारा गज नंतर हाती आला, एवढेच. दलित आत्मकथने अतिरंजित आहेत, असा जो आक्षेप तेव्हा घेतला गेला, त्याला येथे उत्तर आहे. पूर्वी तक्रार नव्हती, यावरून पूर्वी दुःख नव्हते असा निष्कर्ष निघत नाही. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' बाळंतिणीची उपासमार सांगते. तो त्या काळी वस्तीतला रोजचा भोग होता; तिला आजार हे नाव देणारा कोणी नव्हता.

म्हणून आपल्या चळवळीच्या इतिहासात एक विलक्षण गोष्ट घडलेली दिसते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतल्यावर अस्पृश्यांचे 'समाधान' वाढले की घटले? माझे उत्तर आहे, घटले. कालपर्यंत जे नशीब होते ते त्या दिवसापासून अन्याय झाले. गुणवत्तेचा आलेख काढणाऱ्याला तेथे उतरती रेषा दिसली असती, आणि ती उतरती रेषा हाच मुक्तीचा आरंभ होता.

५

हा केवळ तर्क नव्हे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थ या संस्थेने कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथे पाहणी केली. अमर्त्य सेन यांनी ती वारंवार पुढे आणली आहे. विधुर पुरुषांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपली प्रकृती बिघडलेली किंवा बेताची असल्याचे सांगितले. विधवांत हे प्रमाण २.५ टक्के होते. नुसती 'बेताची' म्हणणारे विधुर ४५.६ टक्के, विधवा एकही नाही. विधवांची प्रकृती पुरुषांहून उत्तम होती, असे कोणी म्हणेल काय? प्रकृती बेताची आहे हे सांगायलाही, ती चांगली असण्याचा आपल्याला हक्क आहे असे आधी वाटावे लागते. सेन यांनी केरळ आणि बिहार यांचीही तुलना दिली आहे: केरळात आयुर्मान अधिक आणि आजार सांगण्याचे प्रमाणही अधिक, बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि आजार सांगणेही कमी. शिक्षण आणि दवाखाना पोहोचला की माणूस आजारी 'होतो', म्हणजे आजाराला आजार म्हणू लागतो.

आपल्या महाराष्ट्रातला पुरावा याहून बोलका आहे. गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ५५ टक्के स्त्रियांनी तक्रार सांगितली; ४५ टक्के स्त्रियांना कोणतीही तक्रार नव्हती. तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. सरासरी एका स्त्रीमागे ३.६ आजार. आणि पूर्वी कधी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के. नुसती प्रश्नावली घेऊन कोणी गेले असते, तर जवळजवळ निम्मी बायामाणसे निरोगी म्हणून लिहून आणली असती. नंतर उपचार केला असता तर त्यांच्या उत्तरात फरकही दिसला नसता, कारण त्यांचे पहिलेच उत्तर 'बरं हाय' होते. जिने दुःख सांगितले नाही, तिचे दुःख कमी झाल्याचेही सिद्ध होत नाही. जेथे खर्चाचा निर्णय अशा वजाबाकीवर ठरतो, तेथे मूक माणसाला कमी लाभ होतो असा आकडा निघतो आणि तो पुढच्या खर्चातूनही गळतो. 'बरं हाय'ची ही किंमत आहे.

६

दुसऱ्या एका संहितेकडे लक्ष वेधतो. कुष्ठरोग आणि अपंगत्व यांमुळे माणूस समाजात किती मागे पडतो, हे मोजण्यासाठी २००६ साली 'पार्टिसिपेशन स्केल' ही अठरा प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तुमच्या बरोबरीच्या लोकांइतकी कामाची संधी तुम्हाला मिळते का, बरोबरीच्या लोकांसारखे तुम्ही गावात वावरता का, असे तिचे स्वरूप आहे. कल्पना चांगली आहे. पण 'बरोबरीचे' कोण? सामाजिक, आर्थिक आणि इतर सर्व बाबतींत रुग्णासारखे, फक्त तो रोग किंवा अपंगत्व नसलेले.

या व्याख्येत जात पहिल्याच वजाबाकीत संपते. मांगवाड्यातल्या रुग्णाची तुलना मांगवाड्यातल्या निरोगी माणसाशी. देवळात दोघेही जात नाहीत, म्हणून अडथळा शून्य. सवर्णांच्या लग्नाच्या पंगतीत दोघांनाही बोलावणे नाही, म्हणून अडथळा शून्य. रोगाचा परिणाम वेगळा काढण्यासाठी हे गणित आवश्यक आहे, हे मला मान्य आहे. परंतु शेवटी कागदावर 'सहभागात निर्बंध नाही' असा शेरा उमटतो, तेव्हा तो शास्त्राचा निष्कर्ष राहत नाही. व्यवस्थेला दिलेले प्रशस्तिपत्र होते.

सिकलसेलचा प्रश्न याच जातीचा. महाराष्ट्रात हा आजार विदर्भात अधिक. आदिवासी समाजात आणि पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात तो आढळतो. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले असून २०४७ पर्यंतचे लक्ष्य ठेवले आहे. रक्ताची तपासणी आजार आहे की नाही हे सांगते. हाडांत उठणारी कळ किती, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. तेथे रुग्णाचा शब्द हाच एकमेव पुरावा. आणि हा आजार जन्मजात आहे. त्या मुलाला कळेशिवायचे शरीर ठाऊक नाही. 'पूर्वीपेक्षा कसे वाटते?' या प्रश्नातले 'पूर्वी' त्याच्याजवळ नाही. जात आणि सिकलसेल यांत हे साम्य आहे की दोन्ही जन्माबरोबर येतात आणि दोन्हींत तुलनेचा आधारच हिरावलेला असतो.

७

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. तो मी टाळणार नाही. माणूस 'मी बरा आहे' म्हणतो आणि तुम्ही म्हणता, 'तू बरा नाहीस, तुझी जाणीव दडपलेली आहे.' मग तुमच्यात आणि हजारो वर्षे त्याच्या वतीने बोलणाऱ्या पुरोहितात फरक काय? अल्ब्रेख्ट आणि डेव्हलीगर या अभ्यासकांनी १९९९ साली दाखवले की गंभीर अपंगत्व असलेल्या ज्या माणसांशी ते बोलले, त्यांतील ५४ टक्क्यांनी आपले जीवन चांगले किंवा उत्कृष्ट असल्याचे सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला ते दयनीय वाटत होते. ते खोटे बोलत होते काय? नाही. त्यांनी आयुष्याची नवी घडी बसवली होती, नवे अर्थ शोधले होते. ते समाधान कमावलेले होते.

म्हणून भेद केला पाहिजे. एक समाधान कमावलेले असते आणि एक लादलेले. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात; दोन्हींचा अंक ६० येतो. त्यांना वेगळे करण्याची कसोटी माझ्या मते अशी आहे: त्या माणसाला दुसरा पर्याय माहीत होता काय, आणि तो मागता येत होता काय? पर्याय माहीत असून ज्याने आपल्या आयुष्याला चांगले म्हटले, त्याचा शब्द अंतिम. ज्याच्यापुढे पर्याय कधी आलाच नाही, त्याचा शब्दही खोडायचा नाही. तो जसाच्या तसा लिहून त्याच्या शेजारी त्याचा गजही लिहायचा. उत्तर दुरुस्त करण्याचा अधिकार कोणालाच नाही. अपुऱ्या प्रश्नाला अपुरा म्हणण्याचा अधिकार मात्र सर्वांना आहे.

८

आणखी एक गोष्ट मराठवाड्यातल्या कार्यकर्त्याने डोळ्यांत तेल घालून पाहावी. दुसऱ्या मोजणीला कोण हजर असते?

कर्करोगाच्या त्या प्रश्नावलीसाठी ओसोबा आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली असे मांडले की शंभरांपैकी पाच ते दहा अंकांचा फरक रुग्णाला थोडा वाटतो, दहा ते वीसचा मध्यम आणि वीसपेक्षा अधिक मोठा. आता दहा रुग्ण धरा. सहा जणांचे अंक प्रत्येकी ५०, चौघांचे प्रत्येकी २५. सरासरी ४०. दिवाळीच्या सुमारास ते चौघे कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. दुसऱ्या मोजणीला उरलेले सहा आले. त्यांचे अंक तेच, ५०. सरासरी ५०. एकाही माणसाच्या आयुष्यात तसूभर फरक पडला नाही आणि दहा अंकांची 'सुधारणा' झाली. जो मेला, जो स्थलांतरित झाला, ज्याच्याजवळ एस.टी.चे भाडे नव्हते, तो वजाबाकीतून गळतो. काळजी घेणारे संशोधक गळालेल्यांचा हिशेब देतात. अहवाल हाती आला की प्रथम तो हिशेब शोधावा.

मोजणी कधी केली, हेही तितकेच महत्त्वाचे. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची शासकीय समितीने चौकशी केली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांशी बोलल्यावर १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. यांतल्या एखादीला शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी विचारले असते, तर पाळीचा त्रास थांबला, कामाचा खाडा बुडत नाही, म्हणून ती 'बरं हाय' म्हणाली असती आणि तिचे गुण वाढले असते. पाच वर्षांनी कंबर धरून बसल्यावर तिला कोण विचारणार? शिवाय आमच्याकडे गेला आठवडा आणि गेला पंधरवडा हे सर्व ऋतूंत सारखे नसतात. जूनच्या पेरणीतला आठवडा वेगळा, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढतानाचा वेगळा, आणि हाताला काम नसलेल्या एप्रिलचा वेगळा. औषधाने केलेला बदल आणि हंगामाने केलेला बदल एकाच अंकात मिसळतात.

९

मग मोजूच नये काय? असे म्हणणे आत्मघाताचे होईल. ज्याची मोजणी नाही त्याची मागणी नाही, हे जनगणनेपासून आरक्षणापर्यंत आपण शिकलो आहोत. मोजावे, पण मोजण्याची सत्ता वाटून घ्यावी.

याला शास्त्रातही आधार आहे. आयर्लंडमधील डब्लिनच्या संशोधकांनी एक पद्धत काढली. तिच्यात आयुष्यातल्या महत्त्वाच्या पाच गोष्टी रुग्ण स्वतः सांगतो, आणि मग त्या कशा चालल्या आहेत व प्रत्येकीचे वजन किती, हेही तोच ठरवतो. ही पद्धत ताडकळसच्या पारावर आणली तर पाच गोष्टी कोणत्या निघतील? माझा अंदाज: हाताला काम, लेकरांचे शिक्षण, घरात पाणी, अंगावर कर्ज नसणे आणि गावात मानाने चालता येणे. यांतली शेवटची गोष्ट कोणत्याही छापील प्रश्नावलीत मला अद्याप दिसलेली नाही.

आपण करू शकतो ते असे. शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी या प्रश्नावल्या वर्गात आणाव्यात आणि एखाद्या कवितेसारख्या ओळीओळीने वाचाव्यात: हा प्रश्न कोणाला विचारला आहे, त्यात कोणते आयुष्य गृहीत आहे, 'नाही' म्हणण्याची सोय आहे काय. कार्यकर्त्यांनी रुग्णासोबत जाताना प्रश्न बोलीत सांगावा आणि उत्तर त्याच्या शब्दांत समासात लिहावे. 'कोणाच्या मानाने बरं?' हा एक प्रश्न प्रत्येक 'बरं हाय'नंतर विचारावा. सहा महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा आणि मागे वळून पाहायलाही सांगावे. जो दुसऱ्या वेळी आला नाही, त्याचे नाव घेऊन वस्तीत जाऊन विचारावे. आणि सांगितलेल्या शब्दाशेजारी तपासणीचा निष्कर्षही ठेवावा, म्हणजे गडचिरोलीसारखे अंतर उघडे पडेल.

माझ्यापुरता निष्कर्ष असा. रुग्णाचा अंक वाढला म्हणजे तो बरा झालाच असे नाही, आणि घटला म्हणजे बिघडलाच असेही नाही. काल 'बरं हाय' म्हणणारी बाई उद्या 'नाही, बरं नाही, मला दुखतंय आणि ते थांबलं पाहिजे' असे म्हणेल, तेव्हा तिच्या कागदावरचे गुण खाली येतील. त्या घसरणीला अपयश म्हणून नोंदवणारे शास्त्र आपल्या कामाचे नाही. त्या घसरणीत माणूस उभा राहताना दिसेल, असे शास्त्र आपल्यालाच लिहावे लागेल.